आत कोण राहिलंय

सोमवार, ३ तारीख

आजपासून मी नोकरदार माणूस. वाजवा टाळ्या.

नोकरीबरोबर ताईने ही वही पण हातात ठेवली. अट अशी, की रोज काय केलं ते हिच्यात लिहायचं आणि रविवारी ती वाचणार. लिहायची लाज वाटून तरी मी सरळ वागेन, असा तिचा अंदाज. ताईचा माझ्यावर जीव आहे, विश्वास नाही. तिचं काही चुकत नाही. शिंप्याकडे होतो तेव्हा एका जाड्या गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय खालून शिवून ठेवले. न्हाव्याकडे पंधरा दिवस टिकलो. छापखान्यात एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या नावामागे कैलासवासी लावलं. तिथून नारळ मिळायच्या आत पळालो, म्हणून जिवंत आहे.

हे शेवटचं, असं ताईने बजावलंय. भाऊजी इथे मशीनखोलीत ऑपरेटर आहेत, त्यांनी शब्द टाकला म्हणून मला घेतलं. इथूनही हाकललं तर भाऊजींचं नाक कापलं जाईल आणि ताईच्या घरातून माझी वळकटी बाहेर.

जागा म्हणजे बटाट्याचं कोल्ड स्टोरेज. बाहेरून बघितलं तर खिडक्या लावायला विसरलेली शाळा. आत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी फळ्यांच्या माच्या, त्यांवर पोतीच पोती, आणि मधून माणूस तिरका होऊन जाईल एवढ्याच गल्ल्या. दार फूटभर जाड. दिवा एकच, तो दाराशी. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो, कडू होतो, म्हणून आत उजेडाला बंदी. बाहेर भर दुपार आणि आत अमावास्या.

माणसं मजेशीर आहेत. पैलवान म्हणजे काडी. फुंकर मारली तर उडेल, पण पोतं पाठीवर घेतो तेव्हा आपण तोंडात बोट घालायचं. थोरला आणि धाकटा हे सख्खे भाऊ, दिवसभर भांडतात आणि एका डब्यात जेवतात. जावई म्हणतात तो सासुरवाडीला आल्यासारखा काम करतो, म्हणजे करत नाही. सगळ्यांच्या वर मुकादम. साठीचा, कोरडा, भुवया अशा की त्यांत चिमणी राहील. सगळे त्याला काका म्हणतात. मला बघून भाऊजींना म्हणाला, हाच का तो कैलासवासीवाला? म्हणजे कीर्ती आधीच पोचलीय.

मंगळवार, ४ तारीख

काम सोपं आहे, फक्त कंबर मोडते. खालची पोती वर, वरची खाली, आणि कुजका बटाटा वासावरून हुडकायचा. कपाळाला बॅटरी असते, तीही लाल कागद चिकटवलेली, म्हणजे आपलाच हात दिसतो आणि पुढे काही नाही. काका म्हणतो, बटाटा मेलेला नसतो, झोपलेला असतो, श्वास घेतो. मी पोत्याला कान लावून बघितला. घोरत नव्हता.

इथली एक पद्धत लिहून ठेवतो. दाराला आतून कडी नाही. बाहेरून खटका पडला की आतला ओरडून मेला तरी आवाज बाहेर येत नाही, आणि त्या गारठ्यात रात्रभरात माणसाचा बटाटा होतो. म्हणून प्रत्येकाला नंबर. पैलवान एक, थोरला दोन, धाकटा तीन, जावई चार, मी पाच. सुट्टीच्या वेळी काका दारात उभा राहून चौकटीवर पहारीने तीन ठोके घालतो आणि ओरडतो, बोला! मग जो जिथे असेल तिथून आपला नंबर ओरडतो, ओळीने. बाहेर पडताना काका प्रत्येकाच्या खांद्याला हात लावतो. पाच आवाज, पाच खांदे, मगच दार लागतं.

एकोणीस वर्षांत एकही माणूस आत राहिलेला नाही, असं तो छाती काढून सांगतो. इथे कुणी मेलेलं नाही, कुणी बेशुद्ध पडलेलं नाही. एवढा अंधार आणि एक भूत नाही! मला तर वाईटच वाटलं. फुकट गेलेला अंधार.

गुरुवार, ६ तारीख
(हे पान ताईसाठी नाही. रविवारच्या आत चिकटवून टाकायचं.)

दोन दिवस हात शिवशिवत होते. आज राहवलं नाही.

जेवणाच्या सुट्टीला ठोके पडले. एक. दोन. तीन. चार. मी पाच म्हटलं. मग मफलर तोंडावर घट्ट दाबला, दोन पोत्यांच्या फटीत तोंड खुपसलं आणि जाड, ओल्या, झोपेतून उठल्यासारख्या आवाजात म्हटलं, सहा.

ती शांतता पैसे देऊन मिळणार नाही. मग एकदम पळापळ. जावई, जो नऊ वाजता बोलावला तर साडेनऊला वळून बघतो, तो सगळ्यांच्या आधी दाराबाहेर. धाकट्याने थोरल्याला ढकलून रस्ता काढला, सख्ख्या भावाला! पैलवानाची बॅटरी पडली. मीपण खोटा घाबरलो, जरा जास्तच, तोंड फिरवून हसू दाबलं.

काकाने खांदे मोजले. पाच. आम्हाला बाहेर बसवलं आणि एकटा आत गेला. म्हटलं दोन मिनिटांत येईल. चांगला पाऊण तास लागला त्याला. आला तेव्हा ओठ निळे. कुणी नाही म्हणाला, पाण्याचा घोट घेतला, आणि अजून एकदा बघून येतो म्हणत परत आत. मग मात्र माझं हसू जरा अडकलं. पण डबा संपेपर्यंत सुटलं.

शुक्रवार, ७ तारीख

आज परत केलं. दोनदा.

आता सगळ्यांनी आपापलं भूत ठरवून घेतलंय. थोरला म्हणतो, रस्त्यावर उन्हाने गेलेला कुणीतरी असेल, बिचारा गार जागा बघून आलाय. धाकटा म्हणतो, मग पंखा असलेल्या घरात जायचं ना, इथे कशाला. जावयाची खात्री आहे की हे त्याचे वारलेले सासरे, तो काम करतो की नाही ते बघायला आलेत. पैलवान फक्त जावयाचा सदरा धरून चालतो.

मला एक गोष्ट कळली, ती शाळेत कुणी शिकवली नाही. भूत दाखवावं लागत नाही. अंधारात एक जागा रिकामी दाखवायची, बस. तिथे कुणाला बसवायचं ते ज्याचं तो घरून घेऊन येतो. मी फक्त एक आकडा म्हटला. सासरे जावयाने स्वतः आणले.

काका मात्र दोन्ही वेळा आत गेला. एकदा अर्धा तास, एकदा तास.

शनिवार, ८ तारीख

आज केलं नाही. मजा गेली.

सकाळी काका घरून घोंगडी आणि पाण्याची बाटली घेऊन आला. मला वाटलं त्याला थंडी वाजते. त्याने ते दोन्ही आत मधल्या गल्लीत नेऊन ठेवलं. मी चेष्टेत म्हटलं, काका, भुताला अंथरूण टाकता होय? तर माझ्याकडे अशा भुवया करून बघितलं. म्हणाला, भुताला कोण भितो रे पोरा. भूत असेल तर असू दे, त्याला कसली थंडी. माणूस असला तर? कुठून तरी शिरलेला, येडा, मुका, एवढाच आकडा येणारा? मी दार लावलं आणि तो माणूस निघाला तर?

मी पोती उचलायला लागलो. मी! न सांगता!

तो खोकतोय. दुपारी त्याने तीनदा ठोके घातले. पाचच आवाज आले, तरी तो आत गेला. म्हणाला, काल होता, आज बोलत नाही म्हणजे जास्त वाईट.

सोमवारी सांगून टाकतो. हळूच. भाऊजींना कळू न देता.

रविवार, ९ तारीख

ताईने वाचलं. कैलासवासीला हसली, मग हसल्याबद्दल मला रागावली. गुरुवारपासूनची पानं चिकटलेली का, म्हणाली. खळ सांडली म्हटलं. खळ कशाला लागली, म्हणाली. ही बाई पोलिसात पाहिजे होती.

सोमवार, १० तारीख

सांगणार होतो. सकाळी काका मालकाच्या माणसाबरोबर होता, मग गाडी आली, मग राहिलं.

जेवणाच्या सुट्टीला ठोके. एक, दोन, तीन, चार. पाच, मी म्हटलं. मफलर गळ्यात होता, तोंड बंद होतं.

सहा.

कोण आहे हा चोर? माझीच विद्या माझ्यावर? मला वाटतं पैलवान. गरीब गाय दिसतो, पण असलीच गाय लाथ मारते. किंवा दोघा भावांपैकी एक. आवाज पण हुबेहूब काढला, तोच जाड, ओला. शाबास. पकडतोच उद्या.

काका दीड तास आत होता.

मंगळवार, ११ तारीख

पकडायला गेलो. लिहितो जसं झालं तसं.

बारा वाजता चौघांना मीच बाहेर काढलं, ऊन खायला चला म्हणून. चौघे समोर भिंतीशी बसले. मला दिसत होते. पैलवान कांदा सोलत होता. जावई आडवा. भाऊ भांडत होते. मी दारात काकाजवळ. आत कुणी नाही. काकाला म्हटलं, आता घाला ठोके.

त्याने घातले. बोला!

पुष्कळ वेळ काही नाही. मशीनची घरघर. मी म्हणणारच होतो की बघा—

सहा.

मधल्या गल्लीतून. घोंगडी ठेवलीय तिकडून.

पैलवानाच्या हातातला कांदा तसाच. मी चौघांची तोंडं मोजली. चार. परत मोजली.

काकाने पहार माझ्या हातात दिली आणि आत गेला.

बुधवार, १२ तारीख

सांगितलं. सगळं. मफलर, फट, गुरुवार, शुक्रवार. काकाचे पाय धरले. म्हटलं कानफटात मारा, पण आत जाऊ नका, आत कुणी नाही, मी होतो तो.

मारलं नाही. पोत्यावर बसला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, गुरुवारी मी आत गेलो ते का? आवाज आला म्हणून. तू होतास हे मला माहीत नव्हतं. काल आवाज आला. कोण होता ते मला माहीत नाही. मग मला फरक काय पडला?

मी म्हटलं, काका, पण कुणी नाहीये. म्हणाला, तू बघून आलास? नाही ना. मग तुला कसं माहीत.

बाकीच्यांनाही सांगितलं. थोरल्याने कानाखाली वाजवली, बरं वाटलं. पण मंगळवारचं कोण, असं धाकट्याने विचारलं. त्याला वाटतं मी अजून चेष्टा करतोय. काल मी दारात होतो हे त्याने डोळ्यांनी बघितलंय, तरी म्हणतो, तुझं काय सांगावं. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि कुणी घ्यायला तयार नाही.

गुरुवार, १३ तारीख

दोघे भाऊ आले नाहीत. जावई येऊन परत गेला. पैलवान बाहेरच बसून राहतो.

काकाने काल दार लावलंच नाही. हे दार उतारावर टांगलंय, सोडलं की आपोआप लागतं, म्हणून त्याने खाली लाकडाचा गुटका मारून ठेवला आणि घरी न जाता दारातच झोपला. आतला गारठा उतरला. भाऊजी भडकले. मशीन दिवसरात्र पळतंय, बटाट्याला मोड फुटतील, मालक मला विकून खाईल, म्हणाले. काका एकच म्हणतो, आवाज सहा, खांदे पाच, दार लागणार नाही.

भाऊजींना मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. पाठ फिरवून मशीनचा काटा बघत बसले. ओरडले असते तर बरं.

शुक्रवार, १४ तारीख

काकाला ताप आहे. घरी चला म्हटलं तर ऐकत नाही. ताईने डब्यातून गरम जेवण पाठवलं, त्याने अर्धं आत नेऊन ठेवलं.

संध्याकाळी काकाने भांडं तसंच परत आणलं. भरलेलं. हात लावलेला नाही. मग कशाला हाक देतो तो—

एक लिहायचं राहिलं. लिहू का नको असं झालं होतं. तो आवाज कुणाच्या सासऱ्याचा नाही, उन्हाने गेलेल्याचा नाही. तो माझा आहे. मी मफलर दाबून काढलेला. शेवटी थोडा घसा घासला होता माझा, पहिल्या दिवशी. तेवढंच घासतो. दर वेळी तेवढंच.

मी तो काढला आणि सोडून दिला. परत घेतला नाही.

शनिवार, १५ तारीख

सकाळी आठ. काका पहाटेच आत गेलाय, असं पैलवान म्हणतो. मला सांगून पैलवान घरी गेला. परत येणार नाही म्हणाला.

साडेआठ. दारातून हाका मारल्या. काका. काका. काही नाही. बॅटऱ्यांचं कपाट बंद, त्याची किल्ली आणि बाहेर काढलेली एक बॅटरी दोन्ही त्याच्याजवळ.

नऊ. ठोके घातले. पहार जड, नीट वाजत नाही. बोला, म्हटलं.

सहा. तोच.

मग लक्षात आलं, काका बोलेल तरी काय? त्याला नंबरच नाही. मोजणारा तो. एकोणीस वर्षं दारात उभा. त्याला कुणी मोजलंच नाही कधी.

नऊ वीस. भाऊजी आले. मालक येतोय म्हणाले, दार लाव. मी म्हटलं काका आत आहे. ते म्हणाले, गेला असेल घरी, तापात कोण आत बसेल. मी नाही म्हटलं. त्यांनी लाथ मारून गुटका उडवला, तो गटारात गेला. दार आलं. मी पाठ लावली. माझ्या अंगावर दार दाबलं त्यांनी, भाऊजींनी. मग माझं तोंड बघितलं आणि थांबले. धर, आलो माणसं घेऊन, म्हणाले. पळाले.

पाठीने दार धरून बसलोय. लिहितोय कारण नाहीतर ओरडेन.

नऊ चाळीस. पहारीने बसल्या बसल्या ठोके घातले.

सहा.

आणि मग, लांबून, खोकला. आणि काका. काकाचाच आवाज. बारीक.

सात.

जिवंत आहे. नंबर घेतला त्याने. मोजायला सांगतोय मला.

परत ठोके. सहा. सात. सात हळू.

भाऊजी येत नाहीत.

परत. सहा. सात आला नाही. परत घातले. सहा. बऱ्याच वेळाने सात, पडल्यासारखा.

जायला पाहिजे. दार सोडलं की लागतं. बूट काढून खाली घातला, रबर दबलं, दार निसटलं, बोटं सापडली असती. पहार गुळगुळीत, सरकते. पोती सगळी आत, लांब, हात पोचत नाही. ही वही आहे. पुठ्ठा कडक आहे. घडी करून उभी ठोकली तर राहील. राहील.

मी जाईन आणि ओढत आणीन. अंधारात हाताने चाचपत. पन्नास पावलं. बटाटे आहेत फक्त. श्वास घेतात एवढंच.

ठोके घातलेले नाहीत मी आता. आतून आलं—

पाच.

मी अजून गेलेलो नाही.

सात पण आला. रडतोय काका. जातो.

ताई, डबा द्यायला आलीस तर दारातूनच हाक मार. आत येऊ नको. मी पाच म्हणेन, पण नुसत्या पाचवर जाऊ नको, माझं काहीतरी विचार, घरातलं, जे त्याला ठाऊक नसेल असं. भाऊजींना सांग काका मधल्या गल्लीत. आणि ही वही दाराखाली दिसली तर वाचायला म्हणून उच